बहिऱ्या उंदरांसाठी कापूस

बायका सवतीवर जळतात, जावेवर जळतात, शेजारणीच्या नव्या लुगड्यावर जळतात. मी आयुष्यात पहिल्यांदा जळले ती उंदरांवर, आणि तेही बहिऱ्या उंदरांवर. एवढं सांगितलं की माझ्या सुना पदर तोंडाला लावून हसतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसते. पुढचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. जळगाव तेव्हा पूर्व खानदेशात आणि धुळे पश्चिम खानदेशात. वडील जळगावच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते आणि आम्ही जिनामागच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ वडिलांच्याच हाताखाली काम करायचा. तो ठार बहिरा होता, म्हणून मुकाही. जिनात त्याचं काहीच अडत नसे, कारण यंत्रं सुरू झाली की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. उलट पट्टा सुटायच्या बेताला आला की सगळ्यांच्या आधी त्याला समजायचं. तो अनवाणी उभा राहायचा आणि त्याला ते तळपायातून कळायचं. 'जन्मापासूनच असा आहे,' असं आई सगळ्यांना सांगे, आणि मीही तेच ऐकत मोठी झाले.

माझी आत्या धुळ्याला देवपुरात दिलेली. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी द्यायची ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मी पाळण्यात असतानाच माझं ठरलेलं होतं. आत्या दर खेपेला माहेरी आली की माझी हनुवटी धरून म्हणायची, "मनी भाचीच मनी सून व्हई." हातातल्या पाटल्या माझ्या मनगटावर चढवून बघायची आणि परत आपल्या हातात घालायची. आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो शिकला, आणि देवपुरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झाला. मी सातवीची फायनल पास होऊन घरी बसले होते. मला तो फार आवडायचा. आडपडदा कशाला ठेवू आता? त्याच्या नुसत्या चपला आमच्या दारात दिसल्या तरी माझ्या हातून भाकरी करपायची.

त्याला मुंबईच्या कुणा प्राध्यापकाने उंदरांच्या दोन जोड्या दिल्या. एक जोडी पांढऱ्या साध्या उंदरांची, दुसरी नाचऱ्यांची. नाचरे उंदीर सरळ चालत नसत. स्वतःभोवती गिरक्या घ्यायचे, थांबायचे, पुन्हा गिरक्या. आणि ते बहिरे असत. हे बहिरेपण आईबापाकडून पिल्लांत कसं उतरतं, ते याला पिढ्यान्‌पिढ्या उंदीर वाढवून बघायचं होतं. कॉलेजात पिंजऱ्यांना पैसे नव्हते, म्हणून त्याने रॉकेलचे डबे कापून त्यांवर जाळी ठोकली. पिल्लांना घरटं करायला मऊ काहीतरी हवं होतं. त्याने वडिलांकडे सरकीतून सुटलेला कापूस मागितला, आणि तो पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

महिन्या-दीड महिन्याने कापसाचं गाठोडं मांडीवर घेऊन मी एसटीने धुळ्याला जायची. एरंडोल, पारोळा, मग धुळे. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरलं की आत्याकडे जेवण, आणि दुपारी आत्याबरोबर कॉलेजात. आत्या बाहेर व्हरांड्यात बसून राही. "माले त्या उंदरेसना वास सहन व्हत नई," म्हणे. खरं तर तिला आम्हाला दोघांना बोलू द्यायचं असायचं.

पण तो बोलायचा उंदरांशी. "काय गं, भूक लागली का?" हे एका व्यायलेल्या उंदरीला. मी समोर उभी, नवीन परकर-पोलकं सोडून मुद्दाम नेसलेल्या साडीत, आणि हा माणूस तिच्यापुढे भिजवलेले हरभरे एकेक करून ठेवतोय. माझ्याच गाठोड्यातला कापूस हुंगून ती तो तोंडाने ओढून नेत होती. माझ्या पोटात अस्सं दुखलं! ही मऊ गादीवर निजणार आणि मी पुन्हा एसटीच्या लाकडी बाकावर.

तरी एक दिवस मी त्याच्या उपयोगी पडले, आणि त्या दिवसावर मी वर्षभर जगले. पिल्लं अठरा-वीस दिवसांची झाली की त्यांना ऐकू येतं की नाही ते तो तपासायचा. काशाची थाळी घ्यायची, टोला द्यायचा आणि कान फडकतात का ते बघायचं. त्या खेपेला तो डोकं धरून बसला होता. गिरक्या घेणारी पिल्लंही टोल्यासरशी दचकत होती. मग बहिरी कुठली आणि ऐकणारी कुठली? मी बघितलं, थाळी आणि डबा एकाच टेबलावर होते. मी म्हटलं, "ते कानाने नाही, पायाने ऐकताहेत. माझा भाऊ असाच ऐकतो. थाळी दोरीने वर टांगा, आणि तुम्ही लांब उभे राहा." त्याने खिडकीच्या गजाला थाळी टांगली आणि टोला दिला. पांढऱ्यांचे कान फडकले. नाचरे आपल्या गिरक्या घेत राहिले. तो माझ्याकडे वळून असा हसला की परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून एकटीच हसत होते.

पुढच्या खेपेला तिथं एक मुलगी होती. देवपुरातल्या एका वकिलांची, आमच्यातलीच, बीएस्सीच्या वर्गातली. मनगटावर घड्याळ. एका मिनिटात उंदीर किती गिरक्या घेतो ते ती घड्याळ लावून मोजायची आणि फाउंटन पेनने वहीत लिहायची. अक्षर असं की छापल्यासारखं. मी घड्याळाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी तिच्याइतक्याच गिरक्या मोजल्या, तर ती खरंच कौतुकाने म्हणाली, "वा, तुमची नजर किती तयार आहे!" मला ते कौतुक मिरचीसारखं झोंबलं. वहीत थाळी टांगल्याचा मजकूर होता. कुणी सांगितलं ते नव्हतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि वही मिटून ठेवली.

त्या दिवसापासून माझं उंदरांवर जळणं संपलं. आता जळायला माणूस मिळालं होतं. घरी भांडी घासताना मी तिचं घड्याळ घासत असे. स्वप्नातसुद्धा तिची शाई सांडून यायची. आईला म्हटलं, "आत्याला निरोप धाडा, औंदा उरकून घ्या म्हणावं." आई म्हणाली, "तुलेच घाई दिसते."

दिवाळीनंतर आत्या आणि तो जळगावला आले. मला वाटलं, तारीख ठरवायला. मी पोहे केले. त्याने माझ्याकडे न बघता एक ताटली मागितली आणि तिच्यात ज्वारीचे दाणे मांडले, काही चांगले, काही किडके. मग तो वडिलांना समजावू लागला. प्रत्येक जिवाला एक दाणा आईकडून मिळतो, एक बापाकडून. एकच दाणा किडका असला तर जीव चांगला ऐकतो, पण तो किडका दाणा पुढे देऊ शकतो. दोघा ऐकणाऱ्यांचे किडके दाणे एका पिल्लात आले की ते पिल्लू बहिरं. आमच्या घरात भाऊ जन्माचा बहिरा, म्हणजे माझ्या आई-वडिलांकडे एकेक किडका दाणा आहेच. आत्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणून तो तिच्याकडून त्याच्याकडेही आलेला असू शकतो, आणि माझ्याकडेही. मग नात्यात लग्न करून मुलांचं वाटोळं कशाला करायचं?

हे त्याने हळू सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पंचवीस-एक वर्षं जिनात काढून वडिलांचे कान निकामी झाले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. तेव्हा हा शिकलेला माणूस आमच्या खोलीत बसून, घसा ताणून ओरडत होता, "दोन्ही दाणे किडके आले की मूल बहिरं! तुमच्या मुलीच्या रक्तातसुद्धा असेल!" वडील म्हणायचे, "काय? कोणाच्या?" की पुन्हा, आणखी मोठ्याने. चाळीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी चुलीपुढे पोह्यांची कढई धरून बसले होते. आत्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

संध्याकाळपर्यंत ते चाळीत आणि आठ दिवसांत नात्यागोत्यात पसरलं. अमक्यांच्या घरात रक्तच बहिरं आहे. माघात त्याचं लग्न झालं. कुणाशी, ते सांगायला नकोच. आम्ही गेलो नाही, पण जाऊन आलेल्या एका मावशीने माझ्यासमोर बसून सगळं रंगवून सांगितलं. आत्याने आपल्या पाटल्या सुनेच्या हातात घातल्या म्हणे, आणि त्या घड्याळाशेजारी काय शोभून दिसल्या! मी त्या मावशीला चहा दिला नाही. आईने मागून जाऊन दिला.

त्यानंतर मला दोन स्थळं आली आणि दोन्ही परत गेली. भुसावळच्या मुलाचा बाप तर स्पष्टच बोलून गेला, "मुलगी चांगली आहे हो, पण रक्ताचं ऐकतोय." मी एकवीस वर्षांची झाले होते. चाळीतल्या माझ्या बरोबरीच्या सगळ्या दोन-दोन पोरांच्या आया झाल्या होत्या. मी त्यांच्यावर जळायची, त्यांच्या पोरांवर जळायची, बाळाला ऊन लागू नये म्हणून त्या धरतात त्या हातांवरसुद्धा जळायची.

भुसावळचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या सकाळी आई गहू निवडत बसली होती. मी समोर बसले. ती सुपातून नजर न काढता म्हणाली, "तो जन्माचा बहिरा नव्हता."

मग तिने सांगितलं. भाऊ सव्वा वर्षाचा होता. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरात बसते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे आणि सगळ्या भाऊबंदांनी मिळून ते संपवायचे. त्या वर्षी कानबाई आमच्या नशिराबादच्या मूळ घरात होती आणि रोटाचं पीठ मळायचा मान आईचा होता. ऐन त्या दिवशी पोराच्या अंगावर गोवर उठला. गोवर म्हणजे देवी अंगात आलेली. तेव्हा घरात फोडणी द्यायची नाही, कढई चढवायची नाही. सांगितलं असतं तर सगळ्या भाऊबंदांची कानबाई अडली असती, आणि तीही हिच्यामुळे. आईला सासरी येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिने पोराला मागच्या खोलीत घोंगडीखाली निजवलं, दार लोटलं, आणि बाहेर येऊन पीठ मळलं. तीन दिवस ताप उतरला नाही. वैद्याला बोलवायचं तर सांगावं लागलं असतं. ताप उतरला तेव्हा ते हाकेला वळेना.

"माय म्हनत व्हता," आई म्हणाली. "दोन-तीन शब्द येत व्हते त्याले." देवीला फसवलं म्हणून हे झालं, असं भाऊबंद म्हणतील, रोटाला हात लावू देणार नाहीत, या भीतीने तिने सांगून टाकलं की पोर जन्मापासूनच असं. चाळीत वेगळं बिऱ्हाड, नवरा पहाटेपासून रात्रीपर्यंत जिनात, कोण बघायला होतं? तेवीस-चोवीस वर्षं तिने हे एकटीने पोटात ठेवलं होतं. "तुझ्या रक्तात काही नाही," ती म्हणाली. "तुझ्या जिवाले बरं वाटावं म्हून सांगलं. कोनाले सांगू नको."

मी "नाही सांगणार" म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले.

काय मिळवायचं होतं मला? त्याचं लग्न झालेलं. परत कुणी काही देणार नव्हतं. पण मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. 'अरेरे, ही माझी होती आणि मी चुकलो,' हे त्याच्या तोंडावर मला दिसायला हवं होतं, आणि तिलाही ते दिसायला हवं होतं. एसटीत मी सगळी उत्तरं तयार केली. तो म्हणेल, काही पिल्लं आधी ऐकतात आणि मग बंद होतात, तेही रक्तातूनच. त्यावर मी म्हणणार होते, तुमच्या पिल्लांना गोवर होतो का? दोन तास मी हेच घोकत होते. आईचं तोंड मधेमधे डोळ्यांपुढे यायचं, ते मी बाजूला सारत होते.

कॉलेजातल्या उंदरांच्या खोलीत ती दोघं होती. ती वहीत लिहीत होती, हातात आत्याच्या पाटल्या. डबे झाडणारा शिपाई दाराशी होता. मला गाठोडं न घेता आलेली बघून आतेभाऊ उठला. मी उभ्याउभ्याच सगळं ओकले. गोवर, कानबाई, घोंगडी, रोटाचं पीठ, सगळं. शिपाई झाडू धरून ऐकत राहिला. तिने पेनाचं टोपण लावलं.

आतेभावाने जवळच्या डब्यावरची जाळी नीट बसवली. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तो आधी ऐकत होता ते. माझ्या आईने दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं. ती माहेरी यायची तेव्हा तो तिच्या बांगड्यांच्या आवाजाला वळायचा म्हणे. गोवराचं माहीत नव्हतं, पण ऐकत होता हे माहीत होतं."

"मग ती ज्वारी? ते दाणे?"

"उंदरांचं खरं आहे सगळं," तो म्हणाला. "तुला नको म्हणायला मला तोंड नव्हतं. कारण दिलं की तुझा अपमान होणार नाही असं वाटलं."

म्हणजे इतके दिवस मी उंदरांच्या हिशेबाने हरले असं समजत होते, आणि मी नुसतीच नको होते. ती उठली, माठातलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं आणि हळूच म्हणाली, "बसा ना थोडं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आणखीच आला. तिच्यावर जळायलाही तिने मला धड जागा ठेवली नाही. मी पाणी प्यायले आणि परत आले. आत्याकडे गेलेच नाही.

शिपायाने सांगितलं की आणखी कुणी, मला माहीत नाही. पण महिन्याभरात जळगावात सगळ्यांच्या तोंडी एकच. अहो, रक्तात काही नाही, तो तर गोवराने गेलेला कान! आणि गंमत बघा, माझी स्थळं सुरू झाली. आषाढात माझा साखरपुडा झाला. मुलगा चोपड्याचा, शाळेत मास्तर, मला मनापासून पसंत पडला. सासरच्यांनी भावाकडे बोट दाखवून एकदाच विचारलं आणि वडिलांनी ओरडून सांगितलं, "गोवर!"

त्यानंतरच्या श्रावणात कानबाईसाठी आम्ही नशिराबादला गेलो. आई नेहमीप्रमाणे हात धुऊन परातीपुढे बसली. थोरल्या काकूने परात तिच्यापुढून उचलली आणि दुसऱ्या जावेपुढे ठेवली. "तू ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. आई उठली आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसली. हात अजून ओले होते, ते ती लुगड्याला पुसत राहिली.

मी तिच्याजवळ गेले. तिने विचारलं, "कोनी सांगलं असेल गं?"

तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. पण मला आत्या आठवली, दिवाळीत पदर पिळत गप्प बसलेली, आणि त्या पाटल्या, ज्या ती माझ्या मनगटावरून काढून घ्यायची आणि एके दिवशी दुसरीला देऊन मोकळी झाली. मी म्हटलं, "आत्याने. दादा आधी ऐकायचा हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

आईने मान हलवली. "मले वाटलंच व्हतं," म्हणाली.

त्यानंतर आई वीस-एक वर्षं जगली आणि देवपुरात तिने पाऊल ठेवलं नाही. आत्या एकदा आली होती. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणत होती, "वहिनी, मना काय गुन्हा शे, तेवढं तरी सांग." आई आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी दोघींच्या मधे चहाचा कप घेऊन उभी होते, आणि मी आत्याला एवढंच म्हटलं, "चहा घे, निवतोय."